'औषध' नावाचे विष आणि न वाचलेला कागद

मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत कीटकनाशकाला सहसा कोणी कीटकनाशक म्हणत नाही. त्याला 'औषध' म्हणतात. पिकावर औषध मारतात, बियाण्याला औषध चोळतात, धान्यात औषध ठेवतात. रोग्याला वाचविणारी वस्तू आणि धडधाकट माणसाला आडवे पाडणारी वस्तू या दोहोंना एकच नाव असावे, हा केवळ भाषेचा योगायोग नव्हे. ज्याने ही वस्तू तयार केली आणि ज्याने ती विकली, त्यांनी वापरणाऱ्याला तिची खरी ओळख करून दिली नाही, याचा तो पुरावा आहे. ओळख नसलेल्या वस्तूला लोक आपल्या परीने नाव देतात, आणि पीक वाचविणारी वस्तू ती औषधच, असा त्यांचा साधा हिशेब असतो.

ही ओळख करून देण्यासाठी जगाने एक साधन शोधून काढलेले आहे. त्याला सुरक्षा माहितीपत्रक म्हणतात. प्रत्येक घातक रसायनाबरोबर त्याचा हा 'कुलवृत्तांत' असावा, असा दंडक आहे. प्रश्न एवढाच, की हा कागद कोणासाठी लिहिला जातो आणि प्रत्यक्षात कोणाच्या हाती पडतो?

तगरचा व्यापार आणि आजचा

धाराशिव तालुक्यातील तेर या गावाच्या संदर्भात हा प्रश्न विचारण्याला एक कारण आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तांतात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेली मोठी बाजारपेठ म्हणून तगरचा उल्लेख येतो. तेथून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून बिकट वाटेने भडोचच्या बंदराकडे जात असे. गावातील लामतुरे संग्रहालयात त्या वैभवाच्या खुणा आजही पाहावयास मिळतात.

त्या व्यापाराचे एक वैशिष्ट्य होते. घेणारा कापड हाताने चाचपून पाहू शकत होता. हेच तेर संत गोरा कुंभारांचेही गाव. मडके कच्चे की पक्के हे थापटीने ठोकून पाहता येते, ही गोरोबाकाकांच्या संदर्भातली कथा महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. कापड चाचपता येते, मडके वाजवून घेता येते. पण आज त्याच गावच्या शिवारात सोयाबीनवर फवारण्यासाठी जी बाटली आणली जाते, तिच्यातील पांढरट द्रव पाहून, हुंगून किंवा हलवून काहीही कळत नाही. तो कातडीतून अंगात भिनतो की नाही, त्याची वाफ पेट घेते की नाही, तो दुसऱ्या औषधात मिसळला तर काय होते, या गोष्टी फक्त तो बनविणाऱ्यालाच ठाऊक असतात.

अर्थशास्त्रात या स्थितीला माहितीची विषमता म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन तिची मांडणी केली, आणि २००१ साली त्याला मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात किंमत खरे बोलत नाही, हे त्या मांडणीचे सार. मात्र जुनी मोटार वाईट निघाली तर पैसे बुडतात. रसायनाच्या बाबतीत अज्ञानाची किंमत शरीराने मोजावी लागते, आणि ती मोजणारा पुष्कळदा घेणारा नसतोच. घेणारा शेतमालक असतो आणि पाठीवर पंप बांधणारा मजूर असतो. मालक बांधावर पिंपात औषध कालवतो, मजूर पंप भरून घेतो. बाटली आणि तिच्यावरील अक्षरे बांधावरच राहतात. ज्याच्या अंगावर तुषार उडतात त्याची आणि त्या कागदाची गाठच पडत नाही.

प्रत्येक कलमामागे माणसे मेली आहेत

या विषयावरील कायद्यांचा इतिहास पाहिला तर एक विदारक क्रम दिसतो. आधी माणसे मरतात, मग नियम होतो. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक आणि गव्हाचे पीठ यांची एकाच जहाजातून वाहतूक झाली. पीठ विषारी झाले आणि शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर चौकशी झाली, समित्या बसल्या आणि दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशक कायदा झाला. त्याखालील १९७१ च्या नियमांनी बाटलीवरील रंगीत त्रिकोणाची योजना केली. तांबडा म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. बाटलीबरोबर पत्रक असावे, त्यात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा सांगितलेला असावा, आणि ते हिंदी व इंग्रजीखेरीज त्या भागातील भाषेतही असावे, अशीही तरतूद झाली.

मग २ व ३ डिसेंबर १९८४ ची भोपाळची रात्र आली. मिथिल आयसोसायनेट वायूने शहरातील हजारो माणसे मारली. त्या रात्री हमिदिया रुग्णालयात धाप लागलेल्या, डोळे भाजलेल्या माणसांची रीघ लागली असताना डॉक्टरांना हा वायू कोणता आणि त्यावर उपाय काय, हेच नीट माहीत नव्हते. कारखान्याच्या भिंतीआड असलेले ज्ञान भिंतीबाहेर आले नव्हते. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांना व आसपासच्या वस्तीला धोक्यांची माहिती देण्याचे बंधन मालकावर आले. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी तर सुरक्षा माहितीपत्रकाचा नमुनाच परिशिष्टात घालून दिला. याच वर्षीच्या मोटार वाहन नियमांनी घातक माल नेणाऱ्या टँकरवर माहितीचा फलक लावणे आणि चालकाजवळ लेखी सूचना असणे आवश्यक ठरविले. सोलापूर-धुळे महामार्गाने धाराशिवजवळून जाणाऱ्या टँकरच्या मागे जो चार आकडी क्रमांक दिसतो, तो याच योजनेतला. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०१७ म्हणजे क्लोरीन, १८३० म्हणजे गंधकाम्ल. टँकर उलटला तर पाणी मारावे की दूर पळावे, हे त्या चार आकड्यांवरून ठरते.

पुढे संयुक्त राष्ट्रसंघाने २००३ साली सर्व जगासाठी एकच पद्धत प्रसिद्ध केली. धोक्याची चित्रे सारखी, शब्द सारखे आणि माहितीपत्रकाची सोळा कलमेही सारखी, असा तिचा गाभा आहे.

कागद वाचावा कसा?

ही सोळा कलमे पाहून सामान्य वाचक बिचकतो. वस्तुतः त्यांत चारच प्रश्नांची उत्तरे असतात. ही वस्तू कोणती आणि तिचा धोका काय, हे पहिल्या तीन कलमांत येते. अपघात झाला तर काय करावे, म्हणजे प्रथमोपचार, आग आणि सांडलवंड, हे पुढच्या तीन कलमांत. अपघात होऊ नये म्हणून काय करावे, म्हणजे हाताळणी, साठवण, हातमोजे, मुखवटा, तसेच वस्तूचे गुणधर्म आणि कशाबरोबर ठेवू नये, हे सातव्या ते दहाव्या कलमात. उरलेल्या कलमांत विषारीपणाचा तपशील, जमीन-पाण्यावरील परिणाम, विल्हेवाट, वाहतूक, कायदे आणि पत्रक केव्हा सुधारले ती तारीख.

खेड्यातलेच एक उदाहरण घ्यावे. पाणी शुद्ध करण्यासाठी ग्रामपंचायतीत 'टीसीएल पावडर' असते. तिला सगळेच ओळखतात, आणि नेमके म्हणूनच तिचा धोका कोणी ओळखत नाही. माहितीपत्रकाचे दहावे कलम वाचले तर कळते, की ही पावडर आम्लाच्या संपर्कात आली तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. तेव्हा संडास धुण्याचे आम्ल आणि टीसीएलचे पोते एकाच कोनाड्यात ठेवणे धोक्याचे. सातवे कलम सांगते, की ती कोरड्या, थंड आणि हवेशीर जागी, झाकण लावून ठेवावी, कारण दमट हवेने तिची शक्ती उतरते. म्हणजे हा कागद केवळ जीव वाचवितो असे नव्हे, गावाचे पाणी खरोखर शुद्ध होते की नाही तेही सांगतो. शाळेच्या प्रयोगशाळेतील गंधकाम्लाचेही तसेच. आम्ल पाण्यात थेंबाथेंबाने घालावे, पाणी आम्लात ओतू नये, हा धडा विज्ञानाचे शिक्षक वर्षानुवर्षे शिकवीत आले आहेत. तो याच माहितीचा भाग आहे.

कागद वाचताना तीन पथ्ये मात्र पाळावीत. पहिले, नावापेक्षा नोंदणी क्रमांक पाहावा. व्यापारी नावे अनेक असतात. परंतु प्रत्येक रसायनाला सीएएस क्रमांक नावाचा एकच आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. गंधकाम्ल कोणत्याही नावाने विकले तरी त्याचा क्रमांक ७६६४-९३-९ हाच. दुसरे, 'माहिती उपलब्ध नाही' या शब्दांचा अर्थ 'धोका नाही' असा करू नये. चाचणी झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि तिसरे, पत्रक मूळ द्रव्याचे आहे की बाटलीतील मिश्रणाचे, ते पाहावे. ३६ टक्के कीटकनाशक असलेल्या द्रावणात उरलेले ६४ टक्के काय असते? पाणी, किंवा द्रावके आणि मिसळण्यास मदत करणारे पदार्थ. काही द्रावके पेट घेणारी असतात, काही कातडीतून विष आत नेण्यास हातभार लावतात. पत्रक तयार करणाऱ्याची खरी कसोटी येथेच लागते. मूळ रसायनाचा कागद नक्कल करून मिश्रणाला चिकटविणे सोपे असते. मिश्रणाचा स्वतंत्र विचार करण्यास मात्र रसायनतज्ज्ञ, वैद्यक आणि वेळ लागतो.

यवतमाळने शिकविलेले

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले, ते प्रत्येक मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. पीक डोक्याएवढे वाढलेले, हवा दमट, पंप जोराचा आणि तुषार थेट तोंडावर येणारे. त्यात दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र कालविण्याची प्रथा. सरकारने विशेष चौकशी पथक नेमले आणि विदर्भातील काही जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थियुरॉन आदी कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली.

या घटनेतला वैद्यकीय धडा माहितीपत्रकाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. मोनोक्रोटोफॉस हे सेंद्रिय फॉस्फरस गटातले. त्याच्या बाधेवर अॅट्रोपिन हा माहीत असलेला उतारा आहे. डायफेन्थियुरॉनचा गट निराळा. त्याला तसा विशिष्ट उतारा नाही, लक्षणे पाहूनच उपचार करावे लागतात. तेव्हा रुग्ण बेशुद्धावस्थेत आणला गेला आणि बरोबरच्या नातेवाइकाने 'औषध मारत होता' एवढेच सांगितले, तर डॉक्टरने काय करावे? अशा वेळी चार ओळींचा कागद किंवा नुसती रिकामी बाटली बरोबर आणली, तर मौल्यवान तास वाचतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, पण नावच ठाऊक नसेल तर तेथील तज्ज्ञांचेही हात बांधले जातात.

आणखी एक घटना शिक्षकांच्या जिव्हाळ्याची आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. कीटकनाशकाच्या जुन्या डब्याचा तेलासाठी वापर झाल्याचा निष्कर्ष निघाला. रिकामा डबा तीनदा विसळून, भोके पाडून नष्ट करावा, ही सूचना माहितीपत्रकाच्या तेराव्या कलमात यावयाची. ती कोणी वाचली असती तर? या द्रव्याचा भाजीपाल्यावरील वापर भारतात २००५ पासूनच बंद होता. त्याच्या ३६ टक्के द्रावणावरील बंदीचा आदेश मात्र केंद्र सरकारने २०२३ साली काढला, तोही साठा संपविण्याची मुदत ठेवून. शाळेतील मुले गेल्यानंतर दहा वर्षांनी!

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातात. शेतकरी आणि मजूर वाचतच नाहीत, मग कागद छापून उपयोग काय, हा पहिला. हा आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा ते पत्रक हातात घेऊन पाहावे. अनेक घड्यांचा पातळ कागद, त्यावर मुंगीएवढी अक्षरे, अनेक भाषांची दाटी आणि मराठी अशी, की ती समजण्यासाठी पुन्हा इंग्रजीकडे जावे. वाचू नये अशाच रीतीने छापलेला कागद लोक वाचत नाहीत, म्हणून लोकांना दोष देणे म्हणजे दार लावून घेऊन पाहुणा आला नाही अशी तक्रार करण्यासारखे आहे. बाजारभाव, बियाण्याचे वाण, अनुदानाचे अर्ज हे सारे हाच शेतकरी बारकाईने वाचतो किंवा वाचून घेतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो विरुद्ध बाजूने येतो. माहिती दिली की कंपनी मोकळी, अशी ही पळवाट नव्हे काय? 'हातमोजे, मुखवटा, चष्मा व पूर्ण अंगरखा वापरावा' असे छापले की जबाबदारी मजुरावर ढकलता येते. सप्टेंबरच्या उकाड्यात, चिखलात, पाठीवर भरलेला पंप घेऊन तो अंगरखा घालून दाखवावा, असे आव्हान कोणी दिले तर ते किती कंपन्या स्वीकारतील? हा आक्षेप खरा आहे. जे साधन वापरता येत नाही ते वापरावयास सांगणे ही माहिती नव्हे, तो बचावाचा कागद आहे. म्हणून तांबड्या त्रिकोणाची द्रव्ये बाजारातूनच काढून टाकणे आणि सौम्य पर्याय देणे हा पहिला उपाय, आणि माहिती हा दुसरा. मात्र पहिल्या उपायाची मागणी करण्यासाठीसुद्धा आधी माहितीच लागते. बाटलीत काय आहे हेच ज्यांना माहीत नाही, ते कोणत्या बाटलीवर बंदी मागणार?

खर्चाचा प्रश्न राहतो. मोठ्या अक्षरांत, सोप्या मराठीत एक पान छापावयास कंपनीला बाटलीमागे जो खर्च येईल तो नगण्य आहे. तो वाचविला जातो तेव्हा तो नाहीसा होत नाही. तो रुग्णालयाच्या बिलात, बुडालेल्या मजुरीत आणि एखाद्या घरातल्या कर्त्या माणसाच्या मृत्यूत जमा होतो. कंपनीच्या ताळेबंदात मात्र तो दिसत नाही. अर्थशास्त्र याला बाह्य खर्च म्हणते. जो नफा घेतो त्यानेच हा खर्च सोसावा, यात कोणताही क्रांतिकारक विचार नाही. बाजाराचा तो साधा न्याय आहे.

गावातच होण्यासारखे

कायद्यात बदल दिल्लीत होतील तेव्हा होतील. पण तेरसारख्या गावात काही गोष्टी सरकारी आदेशाची वाट न पाहता होऊ शकतात. कृषी सेवा केंद्रात त्या हंगामात खपणाऱ्या आठ-दहा औषधांची नावे, त्यांचा त्रिकोण, कशात मिसळू नये आणि बाधा झाल्यास काय करावे, एवढे मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेला फलक लावता येतो. विक्रेत्यांसाठी केंद्र सरकारने २०१५ साली शैक्षणिक पात्रतेची अट आणली. त्या शिक्षणाचा उपयोग गल्ल्याच्या या बाजूला दिसला पाहिजे. याच यादीची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात राहिली तर डॉक्टरचा अर्धा शोध आधीच संपलेला असेल.

शाळा-महाविद्यालयांचे काम आणखी मोलाचे आहे. रसायनशास्त्राच्या तासाला आम्ल-अल्कलीची समीकरणे शिकविताना एखाद्या कीटकनाशकाचे किंवा टीसीएल पावडरीचे माहितीपत्रक मराठीत उतरवून आणा, असा गृहपाठ देता येतो. विद्यार्थ्याला त्यात रसायन, भाषा आणि नागरिकशास्त्र तिन्ही भेटतात. तो मुलगा संध्याकाळी घरी जाऊन बापाला तांबडा त्रिकोण दाखवितो, तेव्हा विस्तार अधिकाऱ्याच्या दहा सभांचे काम होते. ग्रामपंचायत, पाणीपुरवठा, साखर कारखाना, सहकारी सोसायटीचे गोदाम येथे काम करणाऱ्या कारकुनांकडे तर हे कागद येतच असतात. मालाबरोबर आलेला कागद फाइलला लावून मोकळे होण्याऐवजी तो माल जेथे ठेवला आहे त्या भिंतीवर लावावा, एवढी साधी गोष्ट आहे. साखर कारखान्यात गंधक जाळून रस स्वच्छ करतात. त्या वायूजवळ काम करणाऱ्या कामगाराला कपाटातील फाइलचा काय उपयोग?

लोकशाहीत माहितीचा अधिकार २००५ च्या कायद्याने मिळाला, आणि आपण सरकारी कागद मागावयास शिकलो. पण ज्या वस्तूचे तुषार आपल्या श्वासात, ज्या पावडरीचे पाणी आपल्या घागरीत, तिचा कागद मागण्याची सवय अजून आपल्याला लागलेली नाही. दुकानातून बाटली घेताना भाव विचारावा, उधारी विचारावी, आणि त्याच दमात 'याचा कागद द्या, आणि त्यातले मला वाचून दाखवा' असेही म्हणावे. असे म्हणणारी चार गिऱ्हाइके रोज आली की विक्रेता तो कागद वाचू लागेल. विक्रेते कंपनीला विचारू लागले की कंपनी तो नीट छापू लागेल. आणि बांधावर पंप भरून घेणारा मजूर, पंप पाठीवर घेण्याआधी, 'मालक, यात काय आहे?' असे विचारू शकेल, आणि त्याला खरे उत्तर मिळेल, त्या दिवशी या कागदाचे काम झाले असे म्हणता येईल.